उत्तरवयातील रक्तस्राव : एका प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात सोनई हे बाजारपेठेचे गाव आहे. मुळा धरणाच्या कालव्यांनी या भागात ऊस आणला आणि उसाने साखर कारखाना आणला. अशा गावी साठी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाच्या अंगावर मार लागला नसताना काळेनिळे डाग उमटू लागले, अथवा दात काढल्यानंतर दोन दोन दिवस रक्त थांबेनासे झाले, म्हणजे घरातील मंडळी प्रथम एकच शंका काढतात. आमच्या घराण्यात हे कोणालाच नव्हते. मग या वयात हे आले कोठून? शंका स्वाभाविक आहे. मात्र तिच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. रक्त न थांबण्याचा विकार हा जन्माबरोबर येणारा, वाडवडिलांकडून उतरणारा, आणि बाळपणीच कळून येणारा असला पाहिजे, असे ते गृहीत होय. हे गृहीत फार जुने नाही. किंबहुना आपल्या परंपरेत ते मुळीच नव्हते. ते कोठून आले आणि त्यापूर्वी या भूमीतील लोक रक्तस्रावाकडे कोणत्या दृष्टीने पाहत असत, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. वैद्यकाच्या अंगणात इतिहासाच्या अभ्यासकाने शिरावे की नाही, हा प्रश्न निराळा. परंतु चुकीच्या गृहीतापायी रोगी उशिरा दवाखान्यात पोहोचत असेल, तर त्या गृहीताची वंशावळ काढणे हे इतिहासाचेच काम ठरते.

प्रथम आपल्या जुन्या वैद्यकाकडे वळू. आयुर्वेदात रक्तस्रावाच्या विकाराला ‘रक्तपित्त’ ही संज्ञा आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानातील दुसरा अध्याय आणि चिकित्सास्थानातील चौथा अध्याय या एकाच रोगाला वाहिलेले आहेत. सुश्रुताने उत्तरतंत्रात त्याचा स्वतंत्र विचार केला आहे आणि माधवनिदानातही त्याला आपले प्रकरण आहे. नाक, कान, डोळे, मुख यांवाटे वर जाणारे ते ऊर्ध्वग. मलमूत्राच्या मार्गांनी खाली जाणारे ते अधोग. आणि दोन्ही मार्गांनी वाहणारे, क्वचित रोमरंध्रांतूनही झिरपणारे, ते तिसरे. यांपैकी पहिले साध्य, दुसरे औषधाने केवळ रोखून धरण्याजोगे आणि तिसरे असाध्य, अशी वर्गवारी केलेली आढळते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या सर्व विवेचनात रक्तपित्त हा माणसाला आयुष्यात *जडणारा* रोग मानला आहे. चरकाने सांगितलेली कारणे पाहावीत : कोद्रूसारखी हलकी धान्ये, त्यांच्या जोडीला उडीद व कुळीथ, आंबट दही, मोहरी, लसूण, शेवगा, मद्य, आणि या सर्वांवर उन्हाचा ताप. ही यादी शब्दशः खरी मानली, तर हरीक-कुळथावर वाढलेल्या सह्याद्रीतील पिढ्यान् पिढ्या रक्त ओकून नाहीशा झाल्या असत्या. तेव्हा कारणमीमांसा म्हणून तिची किंमत बेताचीच. परंतु रोग आहाराने, विहाराने, वयाच्या कोणत्याही टप्प्यावर उद्भवू शकतो, ही जी तिच्यामागची धारणा आहे, ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्याच अध्यायात रक्तपित्ताच्या उत्पत्तीची कथाही येते. दक्षाच्या यज्ञाचा विध्वंस झाला त्या वेळी रुद्राच्या कोपाग्नीतून प्रथम ज्वर आणि ज्वराच्या मागोमाग रक्तपित्त प्राणिमात्रांत शिरले, अशी ती कथा. पुराणकथा बाजूस ठेवली तरी तापाच्या पाठोपाठ रक्त वाहू लागते हे निरीक्षण त्यात गोठलेले आहे, आणि निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात तर ज्वराच्या संतापाने रक्तपित्त उद्भवते असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. डेंगीच्या साथीत हिरड्यांतून रक्त येणारे रोगी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हे विधान ओळखीचे वाटेल. चरकास डेंगी ठाऊक होता असे मात्र यावरून कोणी म्हणू नये.

वंशपरंपरेने येणाऱ्या रोगांची कल्पनाच प्राचीनांना नव्हती, असेही नाही. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात ‘आदिबलप्रवृत्त’ असा रोगांचा एक वर्ग कल्पिला आहे. आईबापांच्या बीजदोषातून येणारे रोग ते हे. त्यात उदाहरणादाखल नावे येतात ती कुष्ठ आणि अर्श यांची. यादी ‘इत्यादी’ म्हणून मोकळी सोडलेली असल्याने रक्तपित्त तिच्यातून मुद्दाम वगळले, असा निष्कर्ष काढता येत नाही. तरी उदाहरण देताना ग्रंथकारास ते आठवले नाही, इतके निश्चित. यातील विपर्यास पुढे आणखी वाढला. १८७३ साली नॉर्वेतील हानसेन याने कुष्ठाचा जंतू पाहिला, आणि ज्याला हजारो वर्षे आनुवंशिक मानले तो रोग संसर्गाचा ठरला. रक्तस्रावाच्या बाबतीत मात्र युरोपात त्याच शतकात लोकांची समजूत उलट दिशेने सरकत होती.

येथे मराठी भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. संस्कृतातील ‘रक्तपित्त’ मराठीत ‘रक्तपिती’ होऊन उतरले; पण त्याचा अर्थ पार पालटला. मराठी माणसाच्या तोंडी रक्तपिती म्हणजे महारोग, कुष्ठ. रक्तस्रावाच्या रोगाचे नाव दुसऱ्याच रोगाने कसे बळकावले? याचे धागे ग्रंथांतच सापडतात, असे आम्हांस वाटते. चरकाने सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात रक्त दूषित झाल्याने होणाऱ्या रोगांची जी गणना केली आहे, तीत कुष्ठ व रक्तपित्त हे शेजारी शेजारी बसले आहेत. शिवाय चिकित्सास्थानात, बलवान रोग्याचे वाहते रक्त आरंभीच औषधाने अडवू नये, अडविल्यास कोणकोणते उपद्रव होतात ते सांगताना कुष्ठाचाही उल्लेख येतो. ‘रक्त बिघडले’ या एका व्यापक कल्पनेखाली दोन रोग एकत्र आले आणि त्यांतील अधिक भयावह, अधिक दिसणारा जो, त्याने नाव उचलले, असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो मांडतो.

परिणाम मात्र तर्काचा नव्हे. रक्त न थांबण्याच्या सार्वदेहिक विकाराला लोकभाषेत नावच उरले नाही. नाकातून रक्त आले तर ‘घोळणा फुटला’, बायकांच्या बाबतीत ‘अंगावर जाते’, शौचावाटे गेले तर ‘मूळव्याध’, त्वचेखाली साकळले तर ‘काळेनिळे पडले’; आणि या सर्वांचे कारण विचारले तर ‘उष्णता’. दूर्वांचा रस नाकात घालावा, अडुळशाचा रस मधातून द्यावा, गुलकंद खावा. एकाच माणसाला एकाच महिन्यात घोळणा, हिरड्या आणि काळे डाग हे तिन्ही झाले, तरी ती एकाच झाडाची फळे आहेत असे सुचविणारा शब्द जवळ नव्हता. नाव नसलेल्या रोगाची दखल घेतली जात नाही. पुढे नाव आले ते परक्या भाषेतून, आणि येताना आपला अर्थही घेऊन आले.

ते नाव म्हणजे हीमोफिलिया. फिलाडेल्फियाचे डॉ. ऑटो यांनी १८०३ साली काही कुटुंबांत पुरुषांनाच होणाऱ्या आणि स्त्रियांकरवी पुढच्या पिढीत उतरणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन प्रसिद्ध केले. १८२८ साली हॉफ यांच्या वुर्त्सबुर्ग येथील प्रबंधात त्यास हे नाव मिळालेले दिसते. मग हा रोग राजवाड्यांत शिरला. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड १८८४ साली त्याने गेला, आणि रशियाचा युवराज अलेक्सी याच्या आजाराने तर एका साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांवर सावली पाडली. राजघराण्याची वंशावळ हे आनुवंशिकतेच्या पाठ्यपुस्तकातील ठरलेले चित्र होऊन बसले. शाळा-महाविद्यालयांत शिकलेल्या मराठी वाचकाच्या मनात रक्तस्रावाचा विकार आणि वंशावळ यांची सांगड पडली ती येथे. चित्र खरे आहे, पण ते सगळे चित्र नव्हे. हीमोफिलियाच्या रोग्यांपैकीही सुमारे एक-तृतीयांशांच्या घराण्यात पूर्वी कोणाला तो नसतो, हे देखील त्या चित्रात दिसत नाही.

प्रौढ वयात, धडधाकट माणसांना, घराण्यात काहीही नसताना रक्तस्रावाचा विकार जडल्याचे एक मोठे उदाहरण मराठी मुलखाच्या लष्करी इतिहासातच नोंदलेले आहे. पहिल्या महायुद्धात जनरल टाउन्शेंड याच्या हाताखालील सहावी, म्हणजे पुणे, डिव्हिजन मेसोपोटेमियात तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा येथे तुर्की वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. आत अडकलेल्या पलटणींत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढ्यातील वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांच्या देखरेखीखाली जे घडले ते आहारशास्त्राच्या इतिहासात आजही सांगितले जाते. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाची भाकरी आणि घोड्याचे मांस मिळे. त्यांच्यात बेरीबेरी पसरला. हिंदी शिपायांना कोंड्यासह पीठ मिळे, म्हणून बेरीबेरी त्यांच्यापासून दूर राहिला. परंतु बहुतेकांनी घोड्याचे मांस धर्मभावनेने नाकारले, हिरवा भाजीपाला जवळजवळ नव्हताच, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून रक्त गाळू लागतात, पायांच्या स्नायूंत रक्त साकळून ते दगडासारखे कठीण होतात, भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उकलतात. असा हा रोग. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून तारेने अनुज्ञा मागविण्यात आली, पण मोठ्या संख्येने शिपाई मांस घेऊ लागले तेव्हा एप्रिल उजाडला होता.

या शिपायांच्या रक्तात काही उणे नव्हते. उणीव होती ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत. ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजेन हा तंतू नीट विणता येत नाही. भिंत ठिसूळ होते आणि रक्त झिरपते. जेम्स लिंड याने १७५३ च्या ग्रंथात लिंबूवर्गीय फळांचा गुण दाखवून दिला होता, आणि तरीही दीडशे वर्षांनंतर एक संपूर्ण फौज त्याच रोगाने खंगली. यातील एक तपशील मराठी स्वयंपाकघराशी निगडित आहे. युद्धकाळातच लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी मोड आलेल्या कडधान्यांचे स्कर्व्हीविरोधी सामर्थ्य तपासले. कोरड्या दाण्यात नसलेले जीवनसत्त्व मोड फुटताच त्यात तयार होते. देशावरच्या घराघरांत मटकीला मोड आणून उसळ करतात, ती या ज्ञानाच्या कितीतरी आधीपासून. शिध्यात मात्र डाळ येते, आणि भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत.

तथापि ज्याला आज रक्त गोठण्याचा विकार म्हणतात, त्याचे धडे महाराष्ट्राला मिळाले ते सर्पांकडून. कोकणात, विशेषतः रत्नागिरीच्या जांभ्या कातळावर, फुरसे इतके विपुल की इंग्रज सरकारने मारलेल्या सापांमागे इनाम लावले. १८६२ सालच्या डिसेंबरात आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणण्यात आली, असा आकडा जी. डब्ल्यू. व्हिडल या मुलकी अधिकाऱ्याने नमूद केला आहे. हा आकडा एका जिल्ह्याचा आहे. ज्या लोकांनी शतकानुशतके या सापाच्या शेजारी संसार केला, त्यांना एक गोष्ट पुस्तकाविना ठाऊक होती : नाग चावला तर माणूस पेंगतो व श्वास अडकून जातो, फुरसे चावले तर तो शुद्धीवर असतो, पण दंशाच्या जागेतून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येत राहते, आणि हे कित्येक दिवस चालते. काल संध्याकाळपर्यंत ज्याचे रक्त नीट गोठत होते त्याचे आज सकाळी गोठत नाही. रक्तस्रावाचा विकार उत्तरवयात उद्भवू शकतो काय, या प्रश्नाचे एवढे उघड उत्तर दुसऱ्या कोठे मिळणार?

याची मीमांसा युरोपात फॉन्टाना याने अठराव्या शतकात आरंभिली. १७८१ च्या आपल्या ग्रंथात व्हायपरच्या विषाने रक्ताच्या गोठण्यात फरक पडतो हे त्याने प्रयोगाने दाखविले. आपल्याकडे हे काम मुंबईत परळला झाले. प्लेगच्या लशीसाठी हाफकिन यांनी उभारलेली प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. तेथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉर्ज लॅम्ब यांनी घोणशीच्या विषाचा रक्तावरील परिणाम अभ्यासला. नागाच्या विषावर तयार केलेली लस घोणशीच्या विषावर चालत नाही, हा त्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष फार मोलाचा ठरला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्र चालणारे प्रतिविष पुढे याच संस्थेत तयार होऊ लागले.

विषाची करामत अशी की, ते रक्त पातळ करीत नाही. उलट गोठविण्याची क्रिया भलत्या वेळी, सर्वत्र, एकदम सुरू करते. घोणशीचे विष रक्तातील दहाव्या घटकाला डिवचते, फुरशाचे विष प्रोथ्रोम्बिनला. गोठविण्याचे सारे द्रव्य अशा रीतीने काही तासांत खर्ची पडते आणि खऱ्या जखमेसाठी काहीच शिल्लक राहत नाही. घरातील धान्य एका रात्रीत उधळून टाकावे आणि सकाळी मुलांना उपाशी ठेवावे, असा हा प्रकार. या दुधारी स्वभावाचा उपयोगही झाला. १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी लंडनमध्ये घोणशीच्या विषाचे अतिशय विरल द्रावण हीमोफिलियाच्या रोग्याच्या जखमेवर लावले आणि रक्त थांबविले. आपल्या शेतांत माणसाचे रक्त न गोठणारे करून सोडणारा साप राजघराण्यांच्या रोगावर औषध म्हणून वापरला गेला. इतिहासात असे योगायोग थोडे.

आता पुन्हा उसाच्या मुलखाकडे येऊ. उसात उंदीर येतात, उंदरांच्या मागे घोणस येते, आणि उंदरांसाठी माणूस विष ठेवतो. या विषाचीही एक कथा आहे. १९२० नंतरच्या दशकात कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रांतांत गुरे किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरू लागली. बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर हा चारा खाल्ल्याचा तो परिणाम होता. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला डबा घेऊन हिमवादळातून पोहोचला. तेथून सुरू झालेल्या शोधाचा शेवट १९४० च्या सुमारास डायकूमारॉलमध्ये झाला आणि १९४८ साली त्याच कुळातील वॉरफारिन हे उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी त्याआधीच शोधलेल्या ‘के’ जीवनसत्त्वाच्या मार्गात ही द्रव्ये आडवी येतात. यकृताला गोठण-घटक पुरे करता येत नाहीत. १९५४ पासून वॉरफारिन माणसांसाठी औषध म्हणून वापरात आले. आज हृदयाची झडप बदललेल्या अनेक रोग्यांना वॉरफारिन अथवा त्याच जातीची गोळी नित्य घ्यावी लागते. म्हणजे एकाच शेताच्या बांधावर साप आणि उंदराचे विष ही रक्तस्रावाची दोन कारणे, आणि शेतमालकाच्या खिशात तिसरे. हल्ली वापरात असलेले ब्रोमाडायोलोनसारखे उंदीरनाशक शरीरात कित्येक आठवडे टिकते, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. यकृताच्या जुन्या आजारातही परिणाम तोच होतो. रक्तपित्ताचे स्थान यकृत् व प्लीहा यांत आहे, असे चरकाने म्हटले आहे. दोन सत्ये शेजारी आली म्हणून ती एकच होत नाहीत, हे खरे. तरी या शेजाराची नोंद करण्यावाचून राहवत नाही.

बाहेरचे विष नाही, औषध नाही, यकृत धड आहे, आणि तरी साठीनंतर रक्त थांबत नाही. असेही रोगी असतात. हे कोडे विसाव्या शतकाच्या मध्यासच उलगडू लागले. त्वचेवर जांभळे ठिपके उमटणारा एक विकार जर्मनीत व्हेर्लहोफ याने १७३५ साली वर्णिला होता. त्यात रक्तातील बिंबाणू घटतात हे पुढे कळले. पण ते घटतात का, हे कळत नव्हते. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुई येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा एका रोग्याचे रक्त स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. काही तासांत त्याचे स्वतःचे बिंबाणू जवळजवळ नाहीसे झाले. प्रकृती गंभीर झाली, आणि काही दिवसांनी पूर्ववत झाली. रोग वंशातून नव्हे, रक्तद्रवातील एका द्रव्यातून येतो, हे त्याने जिवावर उदार होऊन सिद्ध केले. ते द्रव्य म्हणजे शरीराने स्वतःच्याच बिंबाणूंविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड.

हेच दुर्दैव गोठण-घटकांच्याही वाट्याला येते. आयुष्यभर ज्याचे रक्त व्यवस्थित गोठले, त्याच्या शरीरात एके दिवशी आठव्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. यास अर्जित हीमोफिलिया म्हणतात. १९४० च्या सुमारास अशा रोग्यांची वर्णने येऊ लागली. तो विरळ आहे. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे एक ते दीड रोगी, असे पाश्चात्त्य देशांतील गणित सांगते. बहुतेक रोगी वृद्ध असतात. काही स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो होतो. काहींच्या मागे संधिवातासारखा रोग अथवा कर्करोग असतो. आणि सुमारे निम्म्यांत कारण सापडतच नाही. जन्मजात हीमोफिलियात गुडघे-घोटे सुजतात. येथे रक्त त्वचेखाली आणि स्नायूंत पसरते. पुरुष व स्त्री हा भेद येथे उरत नाही. राजघराण्याची वंशावळ डोळ्यांपुढे ठेवून या रोग्याकडे पाहणारा माणूस त्याला ओळखणार नाही, याचे कारण हेच.

ओळखण्याची युक्ती साधी आहे. रोग्याचा रक्तद्रव आणि निरोगी माणसाचा रक्तद्रव समभाग मिसळतात. उणीव नुसती घटकाची असेल तर निरोगी द्रव ती भरून काढतो आणि मिश्रण वेळेवर गोठते. प्रतिपिंड असेल तर ते पाहुण्याच्या घटकालाही गिळते आणि मिश्रण गोठत नाही. आठव्या घटकाच्या बाबतीत मिश्रण शरीराच्या उष्णतेत दोन तास ठेवून पाहावे लागते, कारण हे प्रतिपिंड सावकाश काम करते. महाराष्ट्रात अशा सूक्ष्म तपासण्यांचे एक जुने केंद्र पुन्हा परळलाच आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून मुंबईत सुरू झालेली संस्था आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था म्हणून के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात काम करते.

उशिरा *होणे* आणि उशिरा *कळणे* यांत मात्र फरक केला पाहिजे. जन्मजात विकार सौम्य असेल तर तो पन्नाशीपर्यंतही दडून राहतो. फिनलंडच्या ऑलांड बेटांवरील कुटुंबांत फोन व्हिलेब्रांट यांनी १९२६ साली वर्णिलेला विकार पुष्कळदा पहिल्या मोठ्या शस्त्रक्रियेत अथवा दात काढतानाच उघडकीस येतो. म्हणून जाणता वैद्य रोग्याच्या वंशावळीबरोबर त्याच्या स्वतःच्या आयुष्याचाही इतिहास विचारतो : लहानपणी कधी दात काढला होता काय, त्या वेळी रक्त लगेच थांबले काय, बाळंतपणे कशी झाली, कानात डूल घालण्यासाठी टोचले तेव्हा काय झाले. पूर्वी थांबत होते आणि आता थांबत नाही, असे उत्तर आले की विकार अर्जित असण्याचा संभव वाढतो. हा खरा इतिहास-प्रश्न आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही.

सर्पदंशाच्या बाबतीत तर प्रयोगशाळाही लागत नाही. वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली नायजेरियातील फुरशाच्या दंशांवरून जी कसोटी प्रसिद्ध केली, ती आज भारतातील ग्रामीण दवाखान्यांतही चालते. महाडच्या परिसरात राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश आणि सर्पदंश यांवर जे काम केले, त्यामुळे खेड्यातील दवाखाना हेच या रोगांचे खरे रणक्षेत्र होय, ही जाणीव महाराष्ट्रात पक्की झाली. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे; त्यांत मोठा भाग घोणशीच्या दंशाचा. ती कसोटी अशी : रोग्याचे थोडे ताजे रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावे, वीस मिनिटे न हलविता ठेवावे आणि मग नळी एकदा कलती करावी. रक्त वाहिले तर ते गोठण्याची शक्ती हरवून बसले आहे आणि प्रतिविष तत्काळ द्यावयाचे आहे. नळी प्लास्टिकची चालत नाही, कारण रक्त गोठण्यास काचेचा स्पर्श चेतना देतो. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही, कारण साबणाचा अंश त्या चेतनेत बाधा आणतो आणि निरोगी रक्तही वाहते राहून फसविते.